पूलच्या काठचे पेव्हर का खचतात? मोहेंजोदडोपासून आपल्या सोसायटीपर्यंत

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या वीसेक वर्षांत आपल्याकडे सोसायट्यांमध्ये स्विमिंग पूल आले, लोणावळा-कर्जत-अलिबागकडच्या बंगल्यांच्या परसात आले. महापालिकांचे जलतरण तलाव तर आधीपासून होतेच. या बहुतेक ठिकाणी दोन-तीन पावसाळे गेले की एकच चित्र दिसतं. पाण्याच्या कडेकडेने हात-दोन हात रुंदीचा पट्टा खाली बसलेला असतो. पेव्हर ब्लॉक तिरके झालेले, मधल्या फटीत गवत, एका कोपऱ्यात पाण्याचं डबकं, आणि त्यावरून पळणारी पोरं. मग सर्वसाधारण सभेत कुणीतरी आजोबा घसरून पडल्याचा विषय निघतो, आवाज चढतात आणि ठराव होतो: "पूलभोवतीचे पेव्हर बदलणे." ठेकेदार येतो, जुने ब्लॉक टेम्पोत भरून नेतो, रंगीत नवे बसवतो. बिल निघतं. दोन पावसाळ्यांनी तोच पट्टा त्याच जागी पुन्हा खाली जातो.

आता एक साधी गोष्ट बघा. ब्लॉक खराब म्हणून खचत असते, तर ते कुठेही खचले असते. पण खचण्याची रेघ नेहमी पूलच्या काठाला समांतर जाते. काठापासून दहा फुटांवरचे त्याच कंपनीचे, त्याच दिवशी बसवलेले ब्लॉक ठणठणीत असतात. म्हणजे भानगड ब्लॉकमध्ये नाही, खालच्या जमिनीत आहे, आणि तीही काठालगतच्या जमिनीत. तिथे असं काय आहे, याचं उत्तर फार जुनं आहे. म्हणून सुरुवात साडेचार हजार वर्षं मागून करू.

मोहेंजोदडोचं महास्नानगृह शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी पाहिलंय. जॉन मार्शल पुरातत्त्व खात्याचे प्रमुख असताना, १९२५-२६च्या सुमारास ते मातीखालून वर आलं. साधारण १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद, जवळजवळ अडीच मीटर खोल. चित्रात दिसतात त्या विटा आणि पायऱ्या. पण खरी गंमत चित्रात न दिसणाऱ्या भागात आहे. पाण्याला लागून जी वीट आहे ती जिप्समच्या मसाल्यात, दरज जवळपास दिसू नये इतकी घट्ट बसवलेली आहे. त्या भिंतीच्या पाठीमागे सुमारे इंचभर जाडीचा डांबराचा थर. डांबर जागेवर राहावं म्हणून त्यामागे आणखी एक पातळ विटांची भिंत. तिच्यामागे ठासून भरलेली चिकणमाती, आणि शेवटी बाहेरची भक्कम भिंत. एवढं सगळं केल्यावर मग भोवतालचा खांबांचा ओटा.

ही जागा ज्या टेकाडावर आहे, ते टेकाडही बरंचसं माणसांनी कच्च्या विटा आणि माती रचून उभं केलेलं आहे. म्हणजे भरावाची जमीन. भरावावर पाण्याचं टाकं बांधायचं तर दोन शत्रू असतात. टाक्यातून झिरपणारं पाणी हा एक आणि सैल माती हा दुसरा. त्या लोकांनी दोघांचाही बंदोबस्त भिंतीच्या पाठीमागे केला, जिथे आंघोळीला येणाऱ्या कुणालाही तो कधी दिसणार नव्हता. कोणाच्या नावाची पाटी नाही, उद्घाटनाचा फोटो नाही. (आज त्या विटांना जमिनीतले क्षार खातायत ती वेगळी कथा. ते आपल्या हातात नाही, जागा सिंधमध्ये आहे.)

भिंतीच्या पाठीमागची माती. पूलच्या काठाचा सगळा इतिहास या तीन शब्दांभोवती फिरतो.

पुढचा टप्पा रोम. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात व्हिट्रुव्हिअस नावाच्या वास्तुकाराने बांधकामावर दहा भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या सातव्या भागाची सुरुवातच फरसबंदीने होते. तिथे फरशी, रंग, नक्षी यांच्या आधी तो जमिनीबद्दल बोलतो. जमीन सगळीकडे एकसारखी घट्ट आहे का ते आधी बघा, आणि सगळी किंवा थोडी जरी भरावाची असेल तर ती फार काळजीने धुमसून घ्या, असं त्याचं सांगणं आहे. "थोडी जरी" हे महत्त्वाचं. अर्धी जमीन मूळची आणि अर्धी भरावाची, हीच सगळ्यात वाईट स्थिती, कारण एक भाग जागेवर राहतो आणि दुसरा बसतो. पूलचा काठ म्हणजे नेमकं हेच प्रकरण.

मग तो थर सांगतो. मुठीपेक्षा लहान नाहीत अशा दगडांचं सोलिंग. त्यावर खडी-चुन्याचा थर, जो माणसांच्या टोळ्या लावून लाकडी दांडक्यांनी ठोकायचा. ठोकून झाल्यावर त्याची जाडी पाऊण रोमन फुटापेक्षा कमी भरता कामा नये. त्यावर कौलांचा चुरा आणि चुन्याचा थर. फरशी या सगळ्यानंतर. फरशी उघड्यावर असेल तर दर दहा फुटांना दोन बोटं उतार द्यायचा, म्हणजे आपल्या हिशेबात ८० ला १. आणि दरवर्षी थंडीच्या आधी तेलाच्या घाण्यातला गाळ त्या फरशीला पाजायचा, म्हणजे दहिवर आत शिरत नाही. दरवर्षी! दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने देखभाल सूचनांसकट स्पेसिफिकेशन लिहून ठेवलंय. आपल्या सोसायटीच्या पझेशनच्या फाइलमध्ये पूलचा काठ कशावर बसवलाय याचा एक कागद मिळवून दाखवा.

हे काही फक्त रोमन शहाणपण नाही. कोकणात भाताचं खळं करणाऱ्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा. पावसाळा संपला की खळ्याची जमीन उकरायची, पाणी मारायचं, चोपणं घेऊन चोपत बसायचं, मग शेणाने सारवायचं. गेल्या वर्षी चोपलं होतं म्हणून यंदा नको, असं कोणी म्हणत नाही. चोपायला उशीर झाला तर दाणा मातीत जातो. जमीन ठोकल्याशिवाय बसत नाही आणि पाणी लागलं की परत सैल होते, हे ज्ञान आपल्याकडे घरोघर होतं. ते आता टेंडरच्या कागदात शिरत नाही, एवढंच.

आता घरामागच्या पूलकडे येऊ. परसातला पूल ही गोष्ट मुळात अमेरिकन, त्यातही कॅलिफोर्नियाची. दुसऱ्या महायुद्धाआधी खाजगी पूल म्हणजे चित्रपटातल्या लोकांची आणि कोट्यधीशांची चैन. युद्धानंतर उपनगरं वाढली, घरामागे मोकळी जागा आली आणि पूल मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. त्यामागे एक यंत्र होतं. कार्ल एकली नावाचा माणूस शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये मेलेल्या प्राण्यांच्या कातड्यात भुसा भरण्याच्या, म्हणजे टॅक्सिडर्मीच्या कामात होता. त्याने सिमेंटचा मसाला हवेच्या दाबाने फवारणारी तोफ तयार केली आणि १९११ मध्ये तिचं पेटंट घेतलं. हत्ती-गेंडे भरणाऱ्या माणसाच्या यंत्रातून पुढे अमेरिकेतले लाखो पूल निघाले! या फवारलेल्या काँक्रीटला तिकडे गनाइट म्हणतात. फळ्यांचे साचे लागत नाहीत, म्हणून वाटेल तो आकार देता येतो. १९४८ मध्ये थॉमस चर्च या उद्यानरचनाकाराने सोनोमा इथे मूत्रपिंडाच्या आकाराचा पूल केला, तो फार गाजला आणि त्या वळणाचे पूल सगळीकडे दिसायला लागले.

गनाइटचा आपल्या विषयाशी संबंध असा. त्यात खड्डा हवा तेवढाच खणतात, सळई बांधतात आणि थेट मातीच्या भिंतीवर काँक्रीट फवारतात. पाठीमागे मूळची, न हललेली जमीन तशीच राहते, पोकळी फार थोडी उरते. पण पुढे स्वस्त पूल आले. कारखान्यातून ट्रकवर येणारं फायबरग्लासचं तयार टब, किंवा पत्र्याच्या भिंतींवर प्लास्टिकचं अस्तर. ते बसवायला खड्डा टबपेक्षा मोठा खणावा लागतो आणि चारी बाजूंनी जी पोकळी उरते ती नंतर भरायची असते. गरम पाण्याचे जमिनीत बसवलेले स्पा टबही त्याच जातीचे. काठ खचण्याचं दुखणं तिकडे घरोघरी गेलं ते या पोकळीमुळे.

आपल्याकडे काय होतं? आपण बहुतेक ठिकाणी आरसीसीची भिंत उभी करतो, दोन्ही बाजूंनी शटरिंग लावून. शटरिंगवाल्याला भिंतीच्या बाहेरच्या अंगाला उभं राहायला जागा लागते, म्हणून खड्डा चारी बाजूंनी दोन-तीन फूट जास्त खणला जातो. भिंत झाली, शटरिंग निघालं, की ती मोकळी फट भरायची. कशाने? नियमाने मुरूम, सहा-सहा इंचांचे थर देऊन, पाणी मारून, धुमसून. प्रत्यक्षात तिथे काय जातं हे ज्याने कधी साइट पाहिली आहे त्याला माहीत आहे. फुटक्या विटा, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, टाइल्सचे तुकडे, शटरिंगचे ढलपे, आणि वरून खणलेलीच काळी माती, एका दमात, जेसीबीच्या सुपाने. पूल अडीच मीटर खोल असेल तर ही सैल भरती अडीच मीटरची झाली. ती बसणारच. वरून जेवढं दाबाल तेवढी फक्त वरची वीतभर माती घट्ट होते, खाली पोकळी तशीच.

आणि ती दोन-तीन फुटांची फट नेमकी कुठे असते? काठाला समांतर, चारी बाजूंनी. खचलेल्या पट्ट्याची रुंदी मोजा आणि शटरिंगच्या जागेशी ताडून बघा.

यात पाण्याची भर पडते. अंगावरून निथळणारं, उडालेलं, पावसाचं पाणी दरजांमधून खाली जातं आणि जाताना बारीक माती पोकळीत घेऊन जातं. त्याहून वाईट म्हणजे पाइपची गळती. पूलमधून फिल्टरकडे जाणारे आणि परत येणारे पाइप याच भरावातून गेलेले असतात. भराव बसला की पाइपावर ताण येतो, सांधा सुटतो, पाणी झिरपतं, त्या पाण्याने भराव आणखी बसतो. हे चक्र एकदा सुरू झालं की वरचे ब्लॉक कितीदा बदलता याला काही अर्थ नाही. काळी माती असेल तर आणखी नखरे. उन्हाळ्यात ती आकसून भेगा पाडते, पाणी मिळालं की फुगते. त्यामुळे एकाच काठावर काही ब्लॉक खाली आणि काही वर, असं विचित्र दृश्य दिसतं. ठेकेदार म्हणतो, "साहेब, झाडाची मुळं असतील." झाड पन्नास फुटांवर असतं.

आता पेव्हर ब्लॉकची बाजू मांडतो, कारण बिचाऱ्याला आपल्याकडे उगाच बदनाम केलंय.

हा ब्लॉक आला नेदरलँड्समधून, आणि तो मुळात खचणाऱ्या जमिनीसाठीच आहे. त्या देशाचा मोठा भाग दलदलीच्या, कुजलेल्या वनस्पतींच्या मऊ मातीवर आहे. गौडा नावाचं गाव, चीजमुळे प्रसिद्ध, आजही दरवर्षी काही मिलिमीटर खाली जातं. अशा जमिनीवर सलग पक्का रस्ता केला तर तो तुटतो. म्हणून डच लोक कित्येक शतकं भट्टीतल्या कडक विटा वाळूवर मांडून रस्ते करत आले. जमीन खाली गेली की विटा उचलायच्या, वाळू भरायची, त्याच विटा परत मांडायच्या. रस्ता पुन्हा वर. १४ मे १९४० ला जर्मन बॉम्बवर्षावात रॉटरडॅमचं मध्यवर्ती शहर जळून गेलं. युद्धानंतर घरं बांधायलाच विटा पुरेनात, तेव्हा रस्त्यांसाठी त्याच मापाचे काँक्रीटचे ठोकळे आले. जर्मनीत त्यांना एकमेकांत अडकणारे आकार मिळाले. सत्तरच्या दशकात ते अमेरिकेत पोचले आणि परसातल्या पूलभोवती बसले. त्याआधी तिथे सलग काँक्रीटचा ओटा असायचा. तो खचला की तडकायचा, मग फोडण्याशिवाय इलाज नसायचा.

तेव्हा ब्लॉकचा मुख्य गुण कुठला, तर तो उचलून परत लावता येतो. आपण तो उचलतो आणि फेकून देतो! ६० किंवा ८० मिलिमीटर जाडीचा, भारतीय मानकात बसणारा चांगला ब्लॉक बरीच वर्षं सहज टिकतो. खचलेल्या जागेतल्या शंभर ब्लॉकपैकी फुटलेले मोजा, दहासुद्धा निघत नाहीत. उरलेले कुठे जातात याची चौकशी करायला हरकत नाही.

मुंबईने पेव्हरचा जो अनुभव घेतला तो सगळ्यांच्या लक्षात असेल. गर्दीच्या रस्त्यांवर, सतत खोदकाम होणाऱ्या फुटपाथांवर ब्लॉक बसवले, खालचा थर नीट केला नाही, कडेला आधार दिला नाही. ब्लॉक उखडले, माणसं पडली, मग पालिका सिमेंट काँक्रीटकडे वळली. दोष सगळा ब्लॉकच्या नावावर लागला. जे खाली झालं नव्हतं त्याची चर्चा फारशी झाली नाही.

खालचं काम का होत नाही, याला माझ्या मते एक कारकुनी कारण आहे, आणि तेही इतिहासातलंच. १८५४ मध्ये डलहौसीच्या काळात सार्वजनिक बांधकाम खातं स्वतंत्र झालं. त्या खात्याने आपल्याला मोजमाप पुस्तिका दिली, जिला सगळे एम.बी. म्हणतात. झालेलं काम मोजा, लिहा, त्यावर पैसे द्या. पद्धत वाईट नाही, उलट चोरी रोखायलाच ती आहे. पण मोजायला सोपं तेच मोजलं जातं. पेव्हर चौरस मीटरमध्ये मोजतात, टेप लावली की झालं. धुमसणं बहुधा त्याच दरात "अंतर्भूत" असतं. भरावाचे थर किती, पाणी किती मारलं, किती वेळा धुमस पडला, हे काम झाकलं गेल्यावर कोण मोजणार? सरकारी कामात निदान चाचणीचे कागद मागता येतात. सोसायट्यांनी हीच पद्धत उचलली, फक्त एम.बी.चा धाक न उचलता. दिसतं त्याचे पैसे, दिसत नाही ते देवाच्या भरवशावर.

मग खचलेला काठ दुरुस्त कसा करायचा? इथे जरा सविस्तर लिहितो, कारण पुढच्या सभेत कुणीतरी हे वाचून दाखवेल अशी आशा आहे.

आधी गळती तपासा. भरलेल्या पूलच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची, बादलीतली आणि पूलची पातळी खुणेने नोंदवायची. चोवीस तासांनी दोन्ही बघायच्या. बादलीतलं पाणी उन्हाने जेवढं कमी झालं त्यापेक्षा पूलचं जास्त कमी झालं, तर पाणी जमिनीत जातंय. पंप चालू ठेवून एकदा आणि बंद ठेवून एकदा, असं दोनदा करा. पंप चालू असताना जास्त जात असेल तर संशय पाइपवर. या तपासाला खर्च बादलीचा. गळती असताना वर काहीही केलं तरी पैसे पाण्यातच.

पावसाळ्यात पूल रिकामा करू नका. भोवती जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं आणि रिकामा पूल नावेसारखा खालून उचलला जातो. भिंती तडकतात, पाइप तुटतात. काम दिवाळीनंतर काढा, आणि शक्य असेल तर पूल भरलेला ठेवूनच. पाण्याखालच्या दिव्यांची वायर याच पट्ट्यातून गेलेली असते, तेव्हा पहार मारण्याआधी वीज बंद आणि वायरमन हजर.

मग ब्लॉक उचलायचे. पहिला निघायला त्रास देतो, बाकीचे सहज येतात. उचलण्याआधी फोटो काढा, नक्षी असेल तर खडूने आकडे टाका. खचलेल्या पट्ट्याच्या पलीकडचे दोन-तीन फूट चांगले ब्लॉकही काढा, म्हणजे जुन्या-नव्याचा सांधा जुळतो. खालची वाळू बाजूला करा आणि खणत जा. किती? पहार सहज आत जायची थांबेपर्यंत. गोण्या, ढलपे, विटा निघतील, सगळं बाहेर. अडीच मीटर खणणं प्रत्येक ठिकाणी परवडत नाही हे खरंय, पण दीड-दोन फूट तरी निघालंच पाहिजे, आणि त्याखालीही भसभशीत लागलं तर इंजिनिअरला बोलवा. एवढी खोली काठालगत एकदम मोकळी करायची नाही, पाच-सहा फुटांच्या तुकड्यांनी पुढे सरकायचं. पाइपचे सांधे उघडे पडले की तेव्हाच दाब देऊन तपासून घ्यायचे, परत उघडणार नाहीत.

भरताना मुरूम, काळी माती नाही. एका वेळी चार ते सहा इंच सैल थर, त्यावर पाणी. किती पाणी, याची जुनी खूण आहे: मुरमाचा लाडू वळला पाहिजे, पण मुठीतून पाणी गळता कामा नये. कोरडा मुरूम ठोकून बसत नाही आणि चिखल तर नाहीच. भिंतीलगत हातधुमस किंवा छोटा रॅमर वापरायचा, मोठा रोलर पूलच्या भिंतीजवळ आणायचा नाही. मुरमावर सहाएक इंच मिश्र खडीचा थर, तोही धुमसून. इथपर्यंत उतार पूर्ण झाला पाहिजे, आणि उतार पूलपासून बाहेरच्या गटाराकडे, साधारण ५० ला १. पूलकडे उतार दिला की मळकं पाणी परत पोहणाऱ्यांच्या तोंडात.

त्यावर जाडी वाळू, धुमसल्यावर इंचभर, फार तर दीड इंच. इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते. पातळी कमी पडली की वाळू जास्त टाकून जुळवतात, कारण खडीपेक्षा वाळू पसरायला सोपी. तीन-चार इंच वाळूवर बसवलेला ब्लॉक आज सपाट दिसतो आणि पुढच्या वर्षी खाली जातो. वाळूऐवजी क्रशरची कच वापरण्याची टूम आहे. तिच्यात भुकटी जास्त असेल तर ती पाणी धरून ठेवते आणि वर चालताना पचपचते. जाड, धुतलेली वाळू मागा. खडी आणि वाळूच्या मध्ये जिओटेक्स्टाइलचं कापड टाकलं तर वाळू खाली निसटत नाही. ते महाग नाही.

ब्लॉक परत मांडताना दरजा दोन ते चार मिलिमीटरच्या, कोरड्या बारीक वाळूने भरलेल्या, प्लेट व्हायब्रेटर फिरवून परत भरलेल्या. सिमेंटची स्लरी ओतायची नाही. स्लरीने वरून छान घट्ट वाटतं, पण खाली पोकळी झाली तरी महिनोन्महिने कळत नाही, आणि एक दिवस चार ब्लॉक एकदम आत जातात. बाहेरच्या कडेला काँक्रीटचा कर्ब हवा, नाहीतर सगळी ओळ हळूहळू बागेकडे सरकते. आणि पूलच्या कठड्याची फरशी व पेव्हर यांच्यात बोटभर फट सोडून ती रबरासारख्या सीलंटने भरायची. पूल आणि जमीन वेगवेगळ्या हलतात. तिथे सिमेंट भरलं तर पहिल्याच उन्हाळ्यात तडा जातो आणि पाणी थेट भरावात उतरतं.

एवढ्या कामाचा खर्च नव्या रंगीत ब्लॉकच्या कोटेशनएवढा किंवा थोडा जास्तही येऊ शकतो, कारण यात मजुरी जास्त आहे. फरक असा की ब्लॉकचे पैसे वाचतात आणि तेच पैसे खाली जातात, जिथे ते जायला हवे होते.

सभेत ठराव मांडणाऱ्यांसाठी शब्द देऊन ठेवतो. "पेव्हर बदलणे" लिहू नका. "पेव्हर उचलणे, भराव काढून थरांत धुमसून पुन्हा भरणे, तेच पेव्हर परत बसवणे" असं लिहा. भरावाचा दर घनमीटरवर, वेगळ्या ओळीत मागा. प्रत्येक थर झाकण्याआधी टेप लावून फोटो, आणि फोटो नसलेल्या थराचे पैसे नाहीत, ही अट टाका. दोन पावसाळे होईपर्यंत बिलाचा काही भाग राखून ठेवा. ठेकेदार कुरकुर करेल. जो या अटींवरही तयार होतो, त्याला काम द्या.

नवा पूल होत असेल तर आणखी एक मागणी: भराव टाकण्याआधी पूल पाण्याने भरून आठवडाभर ठेवायचा आणि बाहेरच्या बाजूने भिंत ओली होते का ते डोळ्यांनी बघायचं. भराव पडल्यावर ती भिंत परत दिसत नाही.

तुमच्या सोसायटीच्या किंवा प्रभागातल्या तलावाच्या कागदपत्रांत, काठाखाली काय भरलंय आणि किती थरांत, याची एखादी ओळ सापडते का बघा. सापडली तर कमेंटमध्ये टाका. नसेल सापडत तर खचलेल्या पट्ट्याची रुंदी मोजून तीच टाका.